मेलेल्यांचे काका

"आई, ते मेलेल्यांचे काका आले," असं ती मुलगी म्हणाली. ओरडली नाही, घाबरली नाही. दारात भाजीवाला आला किंवा नळाला पाणी आलं हे सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली आणि खिडकीच्या गजांतून त्याच्याकडे बघत राहिली. पाळक तेव्हा फाटकाच्या कडीला जेवणाची पिशवी अडकवत होता. घरातल्या दोन माणसांना साथीचा ताप निघाला होता, बाकीच्यांना बाहेर पडायची बंदी होती, आणि अशा सगळ्या घरांना चर्चच्या हॉलमध्ये शिजलेलं जेवण तोच स्कूटरवरून पोचवत होता. मुलीच्या मागून तिची आई धावत आली. तिनं मुलीच्या तोंडावर हात ठेवला, कसनुसं हसली आणि म्हणाली, "तिथंच राहू द्या ना, पाळकसाहेब. फार उपकार झाले." मग पडदा ओढला गेला. पडद्यामागे काहीतरी दबक्या आवाजात बोलणं झालं आणि तेही थांबलं. त्याला पटकन तिथून निघायचं होतं, पण स्कूटर नेमकी तेव्हाच सुरू होईना. एक किक, दुसरी, तिसरी. पडद्याला मधोमध बोटभर फट पडली आहे हे त्याला न बघताही कळत होतं. शेवटी तो स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला, आणि तिथं, बंद पडलेल्या केशकर्तनालयाच्या शटरसमोर, ती पहिल्याच किकला सुरू झाली.

मेलेल्यांचे काका. पोरीनं काही वाईट म्हटलं नव्हतं. दूधवाल्याला दूधवाला म्हणतात, तसं. या मुलीचा बाप्तिस्मा त्यानंच केला होता. डोक्यावर पाणी पडताच तिनं असा काही भोंगा पसरला होता की मागच्या बाकापर्यंत हशा पिकला, आणि मग तिनं त्याचा चष्मा पकडला तो सोडेचना. एका हाताच्या कोपरात ते गरम, वळवळणारं ओझं, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं, डोळ्यांसमोर सगळं धूसर, आणि तशात त्याला पुढची वाक्यं म्हणायची होती. त्यानं ती म्हटली होती. हसत हसत म्हटली होती. त्याला वाटायचं, आपल्या कामाचं खरं वजन ते आहे, कोपरात मावणारं. पाळक होण्याआधी तो चपला-बुटांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर अनोळखी लोकांच्या पायांपाशी गुडघे टेकून बसायचं, टाच दाबून विचारायचं, बोटं दुखत नाहीत ना. पुढे प्रवचनात तो ही गोष्ट गमतीनं सांगायचा, की माझी तयारी तिथंच झाली, गुडघे टेकायची सवय आधीपासूनच होती. लोक हसायचे. प्रत्येक वर्षी त्याच जागी हसायचे. आता प्रवचन ऐकायला कुणी नव्हतं. रविवारी तो रिकाम्या चर्चमध्ये एका फोनसमोर उभा राहायचा, आणि त्या जागी आलं की क्षणभर थांबायचा, हशासाठी. मग पुढे जायचा.

पुढची घरं करताना तो लक्ष देऊ लागला. आधी लक्ष गेलं नव्हतं असं नाही. पण एखादं दुखणं डॉक्टरनं नाव सांगितल्यावर जास्त दुखायला लागतं, तसं झालं. औषधाच्या दुकानाबाहेर रांगेतल्या माणसानं त्याला बघून मान डोलावली आणि मग सहज केल्यासारखं रस्ता ओलांडला. गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन आत गेली. वाण्यानं सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले, पण तो तर सगळ्यांचेच तसे ठेवत असेल. असेल ना? हा विचार त्याला सोडेना. कुठली गोष्ट साथीमुळे आणि कुठली आपल्यामुळे, हे आता कळायला मार्गच नव्हता. तोंडावरच्या पट्ट्यांमागून फक्त डोळे दिसायचे, आणि डोळ्यांना इतकं काही सांगता येतं असं आपण म्हणतो ते खोटं आहे, हे त्याला या दिवसांत समजलं होतं. तोंडाशिवाय डोळे नुसते ओले दिसतात.

दफनाचं काम त्याच्या गळ्यात पडलं ते कुणी ठरवून नाही. नदीपलीकडच्या चर्चचे पाळक हृदयाचे रुग्ण होते. त्यांच्या मुलांनी त्यांना खोलीतच कोंडल्यासारखं ठेवलं होतं आणि त्यात मुलांचं काही चुकतही नव्हतं. टेकडीवरच्या चर्चमधला तरुण पाळक पहिल्या दोन दफनांनंतर स्वतःच आजारी पडला. उरला हा. आधी आपल्या मंडळीतले, मग पलीकडच्या मंडळीतले, मग कुठल्याच मंडळीत नसलेले, ज्यांच्या कागदावर कुणीतरी कधीतरी ख्रिस्ती असं लिहिलं होतं तेवढ्यावर पाठवलेले. हॉस्पिटलमधून फोन यायचा, तो निघायचा. कबरस्तानाच्या पत्र्याच्या शेडमागे पांढरा प्लास्टिकचा पोशाख चढवायचा, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढायची. दोन-दोन हातमोजे घातल्यावर प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटत नाहीत, म्हणून सगळा विधी त्यानं पाठ करून टाकला होता. नातेवाईक दोरीपलीकडे, लांब. त्यांच्यापर्यंत त्याचा आवाज जात नाही हे त्याला माहीत होतं. तोंडावरच्या पट्टीवर आपटून तो आवाज त्याच्याच कानांत परत यायचा, गरम होऊन, आणि त्याला वाटायचं की पुनरुत्थानाची ही सगळी वचनं आपण आपल्या एकट्यालाच समजावून सांगतो आहोत, आणि आपल्याला ती पटत नाहीयेत. पटत नाहीत असंही नाही. ऐकू येतात, इतकंच.

हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याचं ताट ठेवलेलं असायचं, वर दुसरं ताट झाकून. आत मंडळीतल्या चार-पाच बाया मोठ्या पातेल्यांत भात आणि भाजी शिजवत, अंडी उकडत, पाव कापत. सगळ्यांवर हुकूम मोठ्या बाईंचा. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या आणि निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. साथ सुरू झाली त्या आठवड्यात त्यांनी हॉलच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि म्हणाल्या, आयुष्यभर पोरांना कॉपी करू नये म्हणून लांब लांब बसवलं, आता देवानं आपल्याला बसवलंय. पाळक कबरस्तानातून येतो म्हणून आत येत नसे, हा नियम त्यानं स्वतःच केला होता. खिडकीबाहेरच्या पायरीवर बसून जेवायचं, ताट बाहेरच्या नळावर धुवायचं आणि उन्हात उपडं घालायचं. पण आपण केलेला नियम लोकांनी इतक्या सहज पाळला की त्याला आत कुठेतरी लागलं होतं. बायांच्या गप्पा तो आल्यावर हळू व्हायच्या. चमचे वाजायचे, कुणी खोकल्याची उबळ गिळून टाकायची. लहानपणी त्याला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मावशीनं त्याला बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. भिंतीपलीकडे भावंडं जेवायची, भांडायची, आणि त्याला फक्त आवाज ऐकू यायचे. पण मावशी दाराबाहेर मटार सोलत बसायची आणि आतल्या पोराला एकेक गोष्ट सांगायची, ही शेंग पोकळ निघाली, ह्यात अळी आहे बघ, आता मी पाय सोडून बसले. बघ म्हणायची, आणि दार बंद. त्याला ते सगळं दिसायचं.

बायको लेकीकडे होती, दुसऱ्या शहरात. बाळंतपणासाठी गेली आणि सगळं बंद झालं तेव्हा तिकडेच अडकली. रोज संध्याकाळी फोन यायचा. ती विचारायची काय जेवलात, तो विचारायचा बाळ काय करतं. बाळ झोपलेलं असायचं किंवा नुकतंच झोपलेलं असायचं. फोनवर त्याला नातू दाखवायचे तेव्हा बहुतेक वेळा एक लालसर कान आणि दुपट्याची कड दिसायची. कबरस्तानाचं तो बोलत नसे आणि तीही काढत नसे. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांचं गप्प राहणं चांगलं वाचता यायचं, पण समोरासमोर. फोनवर गप्प राहिलं की, ऐकू येतंय का, असं विचारावं लागतं. घरात कुणाला घेऊ नका हं, असं ती प्रत्येक वेळी शेवटी बजावायची, आणि तो म्हणायचा, कोण येतंय. हे पहिल्यांदा तो हसून म्हणाला होता.

त्या मुलीच्या बोलण्यानंतर तो चोरासारखा वागायला लागला. पिशवी कडीला अडकवायची, घंटी दाबायची आणि दार उघडायच्या आत कोपऱ्यावर पोचायचं. म्हणजे त्यांना पडदा ओढायला नको आणि आपल्याला तो बघायला नको. पण त्याहून वाईट एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. एखाद्या खिडकीत म्हातारा दिसला की त्याला आपोआप त्या म्हाताऱ्याची लांबी-रुंदी दिसायची. हे घर आता रांगेत आहे का, असा विचार यायचा. तो विचार झटकायचा, तो परत यायचा. लोक घाबरतात ते काही उगाच नाही, असं त्याला वाटू लागलं. आपल्या नजरेतच आता ते आहे. पोरं बरोबर ओळखतात. आणि एका दुपारी त्यानं ठरवलं की हे काम आपल्याला आता नको. जेवण पोचवू, फोनवर प्रार्थना करू, सामान वाहून नेऊ, सांगाल ते करू, पण ते नको. वाक्य त्यानं मनात पुन्हापुन्हा जुळवलं, त्यातले थकवा, वय, जबाबदारी असे शब्द काढून टाकले, आणि हॉलच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मोठ्या बाई कांदा चिरत होत्या. त्यानं सांगितलं तेव्हा त्यांची सुरी थांबली नाही. कुणी काही बोललं का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. एका लहान पोरीच्या बोलण्यावरून आपण इथपर्यंत आलो हे साठीच्या जवळ पोचलेल्या माणसानं कसं सांगायचं? मग दमलात का, असं त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. बाईंनी चिरलेला कांदा पातेल्यात लोटला आणि मनगटानं डोळे पुसले. नदीपलीकडे विचारून बघते, असं म्हणाल्या. तिकडून काय उत्तर येणार हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही. तरी त्यांनी त्याला समजावलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, की शाळेतल्यासारखं दटावलं नाही, आणि त्यामुळे त्याला मोकळं वाटलं नाही. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हॉस्पिटल होतं. एक बाई, दाखल होताना तुमच्या चर्चचं नाव सांगितलेलं. नाव ऐकून त्याला कुणीच आठवेना.

"एवढं करून येतो," तो म्हणाला.

बाईंनी जेवणाची दोन पाकिटं कट्ट्यावर सरकवली. काल तुम्ही संध्याकाळचं न्यायला विसरलात, इतकंच म्हणाल्या.

दोरीपलीकडे एकच माणूस होता. बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, खिशावर बिल्ला. हॉस्पिटलच्या माणसांना ने-आण करणाऱ्या बस तेवढ्या चालू होत्या, त्यातल्याच एकीवर तो असणार. कामावरूनच आलेला दिसत होता. तो दोन्ही हात बाजूला सोडून उभा होता. फोन धरलेला नाही, हातांनी तोंड झाकलेलं नाही, रडणंही नाही. एवढा मोठा उंचापुरा माणूस नुसता उभा. पाळकानं विधी सुरू केला. चष्म्यावर वाफ धरली, आणि त्या वाफेत खड्डा, माती आणि खाली सोडणारी चार पांढरी माणसं एकमेकांत मिसळून गेली. कागदावरचं नाव त्यानं घेतलं. मातीला माती म्हणताना मूठ सोडली, ढेकूळ पॉलिथिनवर पडल्याचा आवाज आला. या आवाजाची सवय होत नाही. मग तो शेडमागे गेला, पोशाख उतरवला, पिंपाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. एरवी तो मागच्या फाटकानं निघून जायचा, नातेवाइकांना तोंड द्यायला नको म्हणून. आज स्कूटर पुढे लावलेली होती, आणि तो ड्रायव्हर स्कूटरपासून चार हातांवर फुटपाथच्या कडेला बसला होता.

तुम्हीच तिचे पाळक ना, असं त्यानं विचारलं. पाळक हो म्हणाला. ड्रायव्हर सांगू लागला, की मी स्वतः काही चर्चला वगैरे जाणारा नाही, मी कुठंच जात नाही, पण ती दर रविवारी यायची आणि घरी आली की जेवताना तुमचं सगळं प्रवचन मला ऐकवायची. तुम्ही बुटाच्या दुकानात होतात ते माहीत आहे मला. गुडघ्यांचा विनोद तर पाठ आहे. ती सांगताना आधीच हसायची, त्यामुळे विनोद मला कधी नीट कळलाच नाही. एवढं बोलून तो थांबला आणि मान वर करून म्हणाला, "तुम्हाला आठवत असेल ना ती? शेवटच्या बाकावर बसायची. खांबाच्या मागं."

पाळकानं आठवून बघितलं. शेवटचा बाक आठवला, त्याची एक फळी ढिली होती ती आठवली, खांब आठवला, खांबावर पडणारा खिडकीचा पिवळा प्रकाश आठवला. त्या प्रकाशात कुणी नव्हतं. दारात उभं राहून तो सगळ्यांशी हात मिळवायचा, म्हणजे हा हातही त्याच्या हातात दर रविवारी येऊन गेला असणार. पायांवरून आठवतं का म्हणून त्यानं ते करून बघितलं. पायऱ्यांवरून उतरणाऱ्या कितीतरी चपला आठवल्या, पण त्यांतली एकही तिच्या नावाला जोडता येईना. हो म्हणणं सोपं होतं. धंद्याची सवयच ती. आठवते ना, फार गुणी बाई, असं त्यानं आजवर किती दारांत, किती शवपेट्यांपाशी म्हटलं असेल, आणि ते दरवेळी खोटं होतं असंही नाही. या माणसाला आत्ता तेवढंच हवं होतं. तोंडात आलेलं हो त्याला जिभेवर जाणवलं.

"नाही," तो म्हणाला. "खरंच नाही आठवत मला."

ड्रायव्हर समोरच्या भिंतीकडे बघू लागला. पाळकाला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल, किंवा शिवी देईल, आणि दिली तर बरं होईल.

"खांब मोठा असेल," ड्रायव्हर म्हणाला.

त्यानंतर पाळकानं त्याला आता कुठं जाणार म्हणून विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. ड्रायव्हरचं सांगणं सरळ होतं. इमारतीतल्या लोकांनी सांगितलं होतं की तपासणी होईपर्यंत येऊ नका. भावाला फोन केला तर भाऊ म्हणाला, तुझ्या वहिनीला भीती वाटते. वहिनीला झुरळाचीही भीती वाटते, ड्रायव्हर म्हणाला, त्यात तिचा काही दोष नाही. डेपोत बस उभी आहे, तिच्यात झोपेन, फवारणी झालीच आहे. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, एखाद्या मार्गावरचे थांबे सांगावेत तसं सांगत होता. पाळक ऐकत होता आणि त्याला आपल्या घरातली पुढची खोली दिसत होती. भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या सहा खुर्च्या, त्यांच्यावर टाकलेली चादर, चादरीवर साचलेली धूळ.

"माझ्याकडे चला," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर मग त्याला बायकोचं बजावणं आठवलं.

ड्रायव्हरनं त्याच्याकडे नीट बघितलं. "मी शेवटपर्यंत तिच्याजवळ होतो," तो म्हणाला. "मलाही असेल ते."

"असेल."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"कुणी नाही."

स्कूटरवर मागे बसायला मात्र तो तयार झाला नाही. तुम्ही पुढे व्हा, मी चालत येतो, म्हणाला. मग पाळक पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत, फुटपाथच्या कडेनं चालला आणि मागून काही अंतरावर ड्रायव्हर. दुपारच्या उन्हात सगळा रस्ता मोकळा होता. अशी वरात बघायला खिडक्या उघडल्या गेल्या आणि लागल्याही. आता आपल्याला त्याचं काही वाटणार नाही अशी पाळकाची समजूत होती, पण वाटलं. पहिल्याइतकंच वाटलं. फक्त स्कूटरचा वेग वाढवता येत नव्हता, कारण मागचा माणूस पायी होता.

त्यानं घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, चादर काढली. ड्रायव्हर दाराशेजारच्या खुर्चीवर बसला, पाळक समोरच्या भिंतीशी. मध्ये अख्खी खोली. मोठ्या बाईंची दोन पाकिटं दोघांनी उघडली. भात गार झाला होता. ड्रायव्हरनं आधी अंडं खाल्लं, मग तो खाता खाता बोलू लागला. मी तिला मास्तरीण म्हणायचो, म्हणाला. मास्तरीण होती म्हणून नाही. कपडे शिवायची ती, घरी. पण माझं प्रत्येक बोलणं सुधारायची. मी म्हटलं दहा मिनिटांत येतो, की ती म्हणायची अर्ध्या तासात. मी भाजी आणली की ती भाजी परत द्यायला जायची. दवाखान्यात नेताना मी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला रस्ता सांगत होतो, तर मागून त्या अवस्थेत म्हणते कशी, डावीकडून चुकीचं आहे. आणि चुकीचंच होतं. लग्नानंतर मूल झालं नाही, तेव्हा सगळे मला म्हणाले दुसरं कर, आणि हिनंही म्हटलं. एवढं एकच तिचं म्हणणं मी सुधारलं. तो बोलत राहिला. कागदावरचं ते नाव तिला कधीच आवडायचं नाही, ते आजीचं नाव होतं आणि आजी खाष्ट होती. प्रवचन ऐकताना ती खांबामागे का बसायची तर तिला मध्येच डुलकी लागायची आणि पाळकसाहेबांना वाईट वाटेल म्हणायची. पाळक ऐकत होता. त्याला चेहरा अजून दिसत नव्हता. त्यानं तो ओढूनताणून बनवलाही नाही. पण खोलीत एक आवाज येऊन बसला होता, सगळ्यांच्या चुका काढणारा, आणि त्या आवाजापुढे त्याला आपण थोडे वेंधळे आहोत असं वाटू लागलं.

पाकिटाचा कागद नीट घडी करून ड्रायव्हर म्हणाला, की तिकडे तुम्ही काय बोललात ते दोरीपर्यंत आलंच नाही. एकदा म्हणाल का ते. पाळक उठून उभा राहिला. पोशाख नव्हता, हातमोजे नव्हते, आणि मधलं अंतर मोठं म्हणून पट्टी त्यानं हनुवटीखाली ओढली. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज तोंडातून निघून कानांत न परतता समोर गेला, भिंतीवर पोचला, दुसऱ्या माणसापाशी पोचला. नाव आलं तिथं तो अडखळला. कागदावरचं नाव घेववेना. विधीत टोपणनाव घ्यायची पद्धत नाही. खुर्चीतला माणूस पुढे वाकून वाट बघत होता.

"आमची ही बहीण, मास्तरीण," तो म्हणाला, आणि पुढची वाक्यं, मातीची आणि आशेची, न थांबता शेवटपर्यंत म्हटली.

"एवढंच?" ड्रायव्हरनं विचारलं.

"एवढंच असतं."

ड्रायव्हर हसला. ती म्हणाली असती फार घाईत उरकलंत, म्हणाला. आणि हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले ते थांबेनात. घडी केलेला कागद त्यानं तोंडावर धरला. पाळकाला आपल्या हातांचं काय करावं कळेना. इतके दिवस सगळे लोक लांबून रडले होते, दोरीमागून, फोनच्या काचेतून, आणि लांबचं रडणं बघत उभं राहायची त्याला सवय झाली होती. हे इथं होतं, सहा पावलांवर, नाकातून पाणी येणारं, बेंगरूळ. त्यानं पट्टी परत वर केली आणि खुर्ची उचलायच्या ऐवजी ओढत नेली, तिच्या पायांनी फरशीवर कर्कश आवाज केला. तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. हात लावला नाही. दोघांच्या गुडघ्यांत टीचभर अंतर होतं. खिडकीतून वारा येत होता.

संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा ड्रायव्हर मागच्या खोलीत आडवा झाला होता. काय जेवलात, तिनं विचारलं. भात, अंडं. बाळ काय करतं, त्यानं विचारलं. आत्ताच झोपलं. आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला, मोठ्या छातीचा, लांबलेला.

"कोण आहे घरात?" ती म्हणाली.

"एक गृहस्थ आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या बायकोला आज दफन केलं. त्यांना जायला जागा नाही."

पलीकडे काहीच ऐकू येईना. ऐकू येतंय का, असं त्यानं विचारलं नाही. फोन कानाला धरून तो खिडकीपाशी उभा राहिला. तिचा श्वास येत होता, एकदा जोरात आला, जणू ती काहीतरी बोलायला निघाली आणि राहिली. कुणीतरी तिकडे दार लावलं. मग ती खाली बसली असावी, खुर्ची वाजली. तो काहीही ऐकून घ्यायच्या तयारीत होता.

"माझी उशी देऊ नका त्यांना," ती म्हणाली. "पार सपाट झालीय ती. कपाटात अगदी वरच्या खणात नवी आहे, तिथली द्या. आणि खिडकी उघडी ठेवा. दोन्ही खोल्यांची."

"हो."

"आणि तुम्ही काळजी घ्या. ऐकता ना?"

हो, ऐकतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कपाट उघडलं. वरच्या खणात उशी होती, खूप आत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती तिथं कुणी ठेवली आणि कधी, त्याला काही माहीत नव्हतं. टाचा उंच करून त्यानं बघितलं. बोटं प्लास्टिकला लागत होती आणि उशी आणखी आत सरकत होती. स्टूल कुठं आहे हे फक्त तिला माहीत असायचं. तो थोडा वेळ तसाच हात वर करून उभा राहिला. मग त्यानं घसा साफ केला. या घरात कुणाला हाक मारून किती दिवस झाले होते कोण जाणे, आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"अहो," त्यानं हाक मारली, "जरा इकडे येता का? माझा हात पुरत नाहीये."

मागच्या खोलीत खाट करकरली, आणि अनवाणी, जड पावलं त्याच्या दिशेनं येऊ लागली.